पातोळी, खाजे आणि मधली नदी

तुये, ता. पेडणे
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थरूप आईस,

नागपंचमीला चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य असल्याने पेडण्यातील घरोघरी वाफेवर शिजणारी पातोळी होते. सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ भिजवून वाटतात, ते पीठ हळदीच्या ओल्या पानावर बोटांनी पातळ पसरतात, त्यावर चून, म्हणजे गुळात शिजवलेले ओले खोबरे, घालून पान लांबीत दुमडतात आणि मोदकपात्रात उकडतात. शिजल्यावर पान सोलले की त्याच्या शिरा पिठावर उमटलेल्या दिसतात. चुनात माडाचा काळसर गूळ असेल तरच पातोळीला खरी चव येते. साखरेची पातोळी ही केवळ सोय होय. जपानात मे महिन्यातील मुलांच्या सणाला ओकच्या पानात गुंडाळून करतात त्या काशिवामोचीतही तांदळाचे पीठ व आत गोड सारण असते, आणि तेथेही पान वासापुरतेच, खाण्यासाठी नव्हे.

नार्वे, ता. डिचोली
श्रावण वद्य अष्टमी

तीर्थरूप आईस,

येथील सप्तकोटीश्वर या देवाचे मूळ स्थान नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नार्व्यास आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार करवला. पक्वान्नांची सीमाही बहुधा हीच नदी. पलीकडची तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांकडे होती, आणि अंड्याचा बलक, नारळाचे दूध व साखर यांचे एकेक थर वर ठेवलेल्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजून होणारे बेबिंक जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातील, ख्रिस्ती घरांत रुजले. पेडणे मात्र उशिरा, १७८८ मध्ये, त्या सत्तेखाली गेल्यामुळे तेथील सणांचे गोडधोड तांदूळ, नारळ आणि गूळ यांवरच राहिले. उलट नागासाकी बंदर १५७१ मध्ये पोर्तुगीज जहाजांना खुले झाले आणि कास्तेरा हा अंड्याचा केक व कोंपेइतो ही काटेरी साखरगोळी तेथे स्थिरावली, म्हणजे पोर्तुगीज मिठाई तुयेपर्यंत ती सत्ता पोहोचण्याच्या कितीतरी आधी जपानात पोहोचली होती.

अष्टमीच्या जत्रेला येथे पंचगंगेत स्नान होते. गोव्यातील जत्रांचा खाऊ म्हणजे खाजे : बेसनाच्या जाड कांड्या तळून, आले व तीळ घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात, आणि पाक सुकला की त्यांवर खरखरीत कवच चढते. पातोळी दुसऱ्या दिवशी उतरते, खाजे मात्र टिकते, म्हणून पाठवण्याजोगे तेच. पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते, तेव्हा सोबतचा पुडा उघडताच ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.