बाभळीखालचा लिंब

पडीक रान दिसलं की माझे हात शिवशिवायचे. चुडाव्याला, पूर्णा-नांदेड लोहमार्गाच्या अंगाला, आमचा एक तुकडा भाऊवाटणीच्या वादात नांगराविना राहिला. माझं म्हणणं एकच: काटेरी झुडपं जाळा, खड्डे खणा, रोपं लावा. २०१९ साली राज्यात तेहतीस कोटी वृक्षलागवडीची हाक आली, तेव्हा तर मी घरोघर हेच सांगत हिंडलो.

वाद लांबला आणि रानाला मुदत मिळाली. आधी गाजरगवत आणि तरोटा माजला. मग हरळी, कुंदा, मारवेल यांनी माती धरली. शेळ्या बाभळीच्या शेंगा खाऊन आल्या, लेंड्यांतून बी पडलं. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात, आमच्या काळ्या जमिनीला तेही लाभलं. फांद्यांवर बुलबुल, साळुंक्या बसू लागल्या आणि खाल्लेल्या लिंबोळ्यांच्या बिया खाली टाकू लागल्या. आज त्या काट्यांच्या आत लिंबाची रोपं वर आली आहेत. शेळीचं तोंड तिथवर पोचत नाही. मी जाळायला निघालो होतो ते झुडूप त्यांचं कुंपण होतं!

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. क्लेमेंट्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१६ साली मांडलं होतं की गवत, झुडूप, वृक्ष अशा क्रमाने रान एका ठरलेल्या अखेरच्या अवस्थेकडे जातं. म्हणजे हात लावू नका, जंगल आपोआप होईल. सोपं होतं, म्हणून पटलं.

तेही टिकलं नाही. ग्लीसन या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९२६ सालीच त्याला हरकत घेतली होती: प्रत्येक जात आपापल्या गरजेने येते, बी कुठून आलं यावरही बरंच ठरतं. आणि आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नज आहेच. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला उघडं गवताळ माळरान लागतं. झाडी दाटली की ती जागा त्याच्या कामाची राहत नाही. गवताला अर्धवट राहिलेलं जंगल म्हणायचं मी तेव्हापासून सोडलं. आता कुणी गायरानात खड्डे खणायला बोलावलं, तर तिथे आधी काय होतं, गुरं कुणाची चरतात, हे विचारतो. लोकांना ते आवडत नाही.

येडी बाभळ मात्र मी मुळासकट काढतो. ती बाहेरून आणलेली, तिच्या दाट जाळीत गवत टिकत नाही, आणि नुसती तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. धाकटा भाऊ म्हणतो, एका बाभळीला राखायचं न् दुसरीला उपटायचं, हा कुठला न्याय? शिवाय जळणाला तीच बरी, हे त्याचं म्हणणं खरंच आहे.