दोघांसाठी कोरिया

सोल, ६ एप्रिल

प्रिय मिलिंद,

परिषदेतलं आजचं काम संपल्यावर इथली एक सहकारी मला नामसान टेकडीवर घेऊन गेली. वर मनोऱ्याभोवतीच्या कठड्यांवर कुलुपंच कुलुपं! जोडपी नावं लिहून ती लावतात. इथे प्रेमाचे दिवस मोजतात. शंभरावा दिवस साजरा होतो, दोघं एकसारख्या अंगठ्या घालतात. १४ फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात, १४ मार्चला मुलांची पाळी. दोन्ही दिवस कोरडे गेलेले १४ एप्रिलला काळ्या सॉसमधल्या जाजांगम्योन नूडल्स खातात.

तिच्याकडून तुझ्यासाठी ‘सारांगहे’ म्हणायला शिकले. आईबाबांना म्हणायचं तर आदराने ‘सारांगहेयो’. पण ती म्हणाली, आमच्या घरांत हे शब्द कमीच. जास्त ऐकू येतं ते ‘जेवलीस का?’ तुझा रोजचा फोनही याच प्रश्नाने सुरू होतो. मला फार भरून आलं.

गाप्योंग, ८ एप्रिल

प्रिय मिलिंद,

सोलहून ट्रेनने तासाभरात इथे आणि फेरीने पाचेक मिनिटांत नामी बेटावर. २००२ ची ‘विंटर सोनाटा’ मालिकेतले काही प्रसंग इथेच चित्रित झाले आणि बेट प्रेमिकांचं झालं. मेटासेक्वोयाच्या उंच रांगांना आत्ता कुठे पालवी फुटतेय. ऑक्टोबरअखेरीस त्या विटकरी होतात, गिंको पिवळेधमक. आपण तेव्हाच येऊ. दिवसा गर्दी असते, म्हणून मुक्काम बेटावरच करू. शेवटची फेरी गेली की रस्ते आपलेच.

ग्योंगजू, ११ एप्रिल

प्रिय मिलिंद,

हे शिल्ला राज्याच्या राजधानीचं गाव. भर वस्तीत राजांच्या समाध्यांचे हिरवे डोंगर आहेत. त्यांतला ह्वांगनामदेचोंग हा जोडडोंगर मी बराच वेळ बघत राहिले. दोन टेकाडं एकमेकांना टेकलेली, लांबी १२० मीटर. दक्षिणेकडे राजा, उत्तरेकडे राणी, असं मानतात. १९७० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सोन्याचा मुकुट राणीच्या बाजूला सापडला आणि राजाच्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेला! तिच्या बाजूच्या पट्ट्याच्या चांदीच्या टोकावर ‘राणीसाहेबांचा पट्टा’ अशा अर्थाची चिनी अक्षरंही आहेत. दीड हजार वर्षांनीही ती दोघं शेजारी आहेत. रात्री वोल्जी तळ्याकाठी दिवे लागतात. तिथे तुझ्याबरोबर फिरायचंय.

तेव्हा बेत असा : आधी सोल, तिथे पारंपरिक हानबोक घालून ग्योंगबोकगुंग राजवाडा पाहू, त्या पोशाखात प्रवेश मोफत असतो. मग नामीत एक रात्र आणि उरलेले सगळे दिवस ग्योंगजूत. सोलहून केटीएक्स ही वेगवान ट्रेन दोनेक तासांत इथे पोचवते. जेजू बेट या खेपेला नको. धावपळीत स्थळं बघून होतील, पण आपल्याला एकमेकांसाठी वेळ उरणार नाही.

व्हिसाची कागदपत्रं जमवायला घे आणि ऑक्टोबरअखेरची रजा आजच टाक. आणि हो, वेळेवर जेवत जा.

तुझीच,
अनघा