दादरचा कट्टा

गेल्या वैशाखांत आम्ही दादरास आमच्या वडील चुलत्यांकडे पंधरा दिवस राहिलों. काकूंना जाऊन नुकतेंच वर्ष झालें होतें. घरांत मुलें, सुना, नातवंडें असा भरला गोतावळा. परंतु नाना कोणाशीं दोन शब्दांपलीकडे बोलत नसत. सायंकाळचे पांच वाजले कीं मात्र वहाणा पायांत सरकवून ते बाहेर पडत. एके दिवशीं आम्हीहि त्यांच्या मागोमाग निघालों.

ते गेले शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. हें मैदान मुंबई महापालिकेनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें तें १९२७ सालीं, महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या खटपटीनें. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथें गाजल्या, क्रिकेटचे कित्येक नामांकित खेळाडू याच मातींत घडले, हें वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस कौतुक वाटलें तें मैदानाभोंवतींच्या बुटक्या भिंतीचें.

तिची उंची माणसानें सहज टेकावें इतकीच. आंत तोंड करून बसावें तर खेळ दिसतो. बाहेर तोंड केलें तर फेऱ्या घालणारे तेच ते चेहरे रोज समोरून जातात. आठ दिवस नुसती नजरानजर होते, नवव्या दिवशीं "आज उशीर झाला?" असा प्रश्न येतो, आणि ओळख झाली! कोणाच्या घरीं जावयाचें म्हणजे चहाचें आधण, बैठकीची आवराआवर, सुनेची धांदल. कट्ट्यावर यजमान कोणीच नाहीं, म्हणून पाहुणाहि कोणी नाहीं. (उठून जावयास निमित्त लागत नाहीं, हाहि लाभ थोडा नव्हे.)

नानांच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. गिरणींत उभा जन्म काढलेले, तेहि विधुर. त्यांचें गांव कोणतें, हें नानांनीं कधीं विचारलें नव्हतें. पण त्या दिवशीं नाना त्यांस काकूंच्या लिंबाच्या लोणच्याची कृति सांगत होते: फोडी किती दिवस उन्हांत ठेवावयाच्या, साखर केव्हां घालावयाची. मधेंच हंसले. घरांत आम्हीं तें हंसूं पाहिलें नव्हतें.

रात्रीं हें मोठ्या वहिनींस सांगितलें, तेव्हां त्यांचा चेहरा उतरला. नानांस दुःख नको म्हणून घरांत काकूंचें नांवच कोणी काढीत नसे. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काम लवकर आटोपलें व नाना निघतांच म्हणाल्या, "मामंजी, थांबा, मीहि येतें."

नाना उंबरठ्यावर थांबले.