आमची जर्मनीतील मोटारयात्रा

गेल्या वैशाखात आम्ही उभयता आमच्या कन्येकडे जर्मनीस गेलो, तेव्हा आमच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि लोकरीचे कपडे यांजबरोबर एक कागदही होता. पुण्यातील आमचा वडिलोपार्जित वाडा पाडून तेथे सात मजली इमारत उठवावी, अशा कराराचा तो कागद. सर्व भाऊबंदांच्या सह्या त्यावर झाल्या होत्या; राहिली होती ती एकट्या आमची. "दादा, तिकडे निवांत वाच, आणि येताना सही करूनच आण," असे धाकट्या बंधूंनी निघतेवेळी बजावले होते. त्यांच्या म्हणण्यात वावगे काही नव्हते. वाड्याचे पश्चिमेकडील अंग गळते, आणि त्या अंगाच्या दोन ओल्या खोल्यांत त्यांच्या कुटुंबातील पाच जीव राहतात. आम्ही वीस वर्षांपूर्वीच कोथरूडास बिऱ्हाड हलविले. तेव्हा जुन्या सागवानी खांबांचे आमचे कौतुक हे दुरूनचे कौतुक होय, हे येथेच कबूल केलेले बरे.

कन्या फ्रँकफुर्ट येथे नोकरीस आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने आम्हांस तेथील जुनी पेठ दाखविली. जुनी म्हणावयाची, परंतु वयाने आमच्या नातवापेक्षाही लहान! मूळची पेठ १९४४ च्या मार्चमधील बाँबवर्षावात जळाली. पुढे १९७० नंतर तेथे नगरपालिकेच्या कचेरीची सिमेंटची अजस्र इमारत झाली. तीही लोकांच्या मनास येईना, म्हणून ती पाडून २०१८ पर्यंत ३५ घरे बांधण्यात आली, व त्यांपैकी १५ पूर्वीच्या घरांबरहुकूम. सर्व कसे रेखीव, स्वच्छ. आमच्या सौभाग्यवती क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा नाटकातला पडदा वाटतो." आम्हांसही तसेच वाटले.

दुसऱ्या दिवशी मोटार निघाली. हाकणारी अर्थात कन्याच. रस्त्याच्या उजव्या अंगाने मोटार हाकण्याचे धाडस या वयात आमच्याने होणे नव्हते. तेथील महामार्गांवर पुष्कळ ठिकाणी वेगास मर्यादाच नाही. ताशी १३० किलोमीटरच्या आत राहावे, एवढी केवळ शिफारस. तथापि बेशिस्त म्हणून दिसत नाही. डाव्या बाजूने पुढे जावयाचे आणि लगेच उजवीकडे परतावयाचे, हा नियम श्रीमंत-गरीब सारे पाळतात. वाटेत पेट्रोल संपून गाडी थांबली तर दंड होतो, हे ऐकल्यापासून आमची नजर देखाव्यापेक्षा त्या काट्यावरच अधिक होती.

व्युर्त्सबुर्ग हे गाव १६ मार्च १९४५ च्या रात्री सुमारे वीस मिनिटांत भस्मसात झाले. तेथील धर्माधिपतींच्या राजवाड्याचे छप्पर जळाले, परंतु भव्य जिन्यावरील घुमटी व तिजवरील तिएपोलोचे १७५३ साली पुरे झालेले चित्र वाचले. त्या चित्रात चारही खंडे स्त्रीरूपाने काढली असून आपली आशिया हत्तीवर बसलेली आहे. मान मोडेपर्यंत आम्ही ती पाहिली. पण मनात राहिली ती दुसरीच हकिकत. युद्ध सरले तेव्हा चित्रास खरा धोका उरला तो पावसाचा. जॉन स्किल्टन नामक एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने त्या धामधुमीत लाकूड मिळविले आणि आधी वर तात्पुरते छप्पर घातले. ज्यांच्या सैन्याशी हे गाव लढले, त्यांतलाच हा गृहस्थ! राजवाडा पूर्ववत् होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. छप्पर मात्र थांबले नाही. आम्हांस बंधूंच्या खोल्या आठवल्या, आणि बाहेर येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

रोथेनबुर्गची तटबंदी चित्रातल्यासारखी आहे. तिचा बराच भाग ३१ मार्च १९४५ रोजी पडला, आणि पुढे देशोदेशींच्या लोकांनी वर्गणी देऊन तो उभा केला. ज्याने जितक्या मीटरांचा खर्च दिला, त्याचे नाव व तितके मीटर, अशा पाट्या भिंतीत बसविल्या आहेत. कित्येक नावे जपानी. आपल्याकडील देवळांच्या पायऱ्यांवरील नावांची आठवण झाली. न्युरेंबर्ग येथे जुन्या रस्त्यांच्या आखणीवर साधी, बिनडौली घरे बांधून लोकांची सोय प्रथम केलेली दिसते. त्याच गावी नाझींचे अर्धवट राहिलेले प्रचंड सभागृह ना पुरे केले, ना पाडले. पोलाद व काच यांचा एक मार्ग त्याच्या दगडी भिंतींतून तिरपा आरपार काढून २००१ साली तेथे त्या काळाचा इतिहास मांडला. गावे जळाली, पण आग प्रथम कोणी लावली, हे लपविलेले नाही. बांबेर्ग बहुतांशी युद्धातून वाचलेले. तेथे आम्ही जेवलो. धुराच्या वासाची तेथील प्रसिद्ध बिअर चाखली की नाही, हे न विचारलेले बरे.

शेवटचा मुक्काम ड्रेस्डेन. तेथील फ्राऊएनकिर्खे हे देवालय १५ फेब्रुवारी १९४५ रोजी आगीच्या धगीने कोसळले, आणि सुमारे पंचेचाळीस वर्षे तो दगडांचा ढिगारा तसाच पडून होता. मग एकेक दगड तपासून, जे जमले ते मूळच्या जागी बसवून, १९९४ ते २००५ या काळात ते पुन्हा उभारले. जुने दगड काळे, नवे पिवळसर. हा भेद कोणी झाकलेला नाही. घुमटावरील क्रूस ज्या लंडनच्या सोनाराने घडविला, त्याचा पिता या नगरावर बाँब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचा वैमानिक होता. सौभाग्यवतींनी एका काळ्या दगडावर हात ठेवला. "हा पडदा नव्हे," एवढेच म्हणाल्या.

आम्ही मोठ्या उत्साहाने कन्येस म्हणालो, की पाहा, जतन करावयाचे तर असे! ती चालता चालता थांबली. "बाबा, त्या ढिगाऱ्यात कोणी राहत नव्हतं. म्हणून त्यांना पंचेचाळीस वर्षं थांबता आलं. काकांना थांबता येईल का?"

यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर पेट्रोलच्या काट्याकडेही आमचे लक्ष गेले नाही.

पुण्यास परतल्यावर चौकातील खांब नव्या इमारतीत घेता येतील काय, असे विकासकास विचारले. "लाकूड विकून टाका, चांगली किंमत येईल," असे तो हसून म्हणाला. बंधूंनी ते ऐकले व म्हणाले, "दादा, खांबांचं पुढे बघू, आधी माझ्या डोक्यावर पत्रा घाल."

मृगाच्या आदल्या दिवशी पश्चिम अंगावर नवे पत्रे चढले. खर्च आम्ही केला. त्या रात्री पहिली सर आली, तेव्हा बंधूंनी आपण होऊन दूरध्वनी करून खोली कोरडी असल्याचे सांगितले. करार अद्याप आमच्या कपाटात आहे. बंधूंच्या नव्या घराची मुदत ठरविणाऱ्या कलमाखाली सौभाग्यवतींनी पेन्सिलीने आणखी एक कलम लिहिले आहे : चौकातील चार खांब व तुळशीवृंदावन तळमजल्यावर ठेवावे. बंधूंनी ते वाचून मान डोलविली आहे. विकासकाचे उत्तर यावयाचे आहे.