मेजावरची मोटार

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या घरांत एक नवी मोटार आली. तिला चाकें नाहींत, दारें नाहींत, आणि ती उभी करण्यास जागा शोधीत इमारतीभोवतीं घिरट्याही घालाव्या लागत नाहींत. आमच्या लिहिण्याच्या मेजास आवळून बसविलेलें एक स्टिअरिंग, पायांखालीं तीन पट्ट्या आणि समोर संगणकाचा पडदा, एवढाच तिचा संसार. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहेत. त्यांनीं शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून हें बिऱ्हाड आणलें. ज्या मेजावर आम्हीं तीस वर्षें मुलांच्या संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यावर आतां शर्यती धांवूं लागल्या. आमच्या मनास काय वाटलें असेल तें वाचकांनींच ताडावें.

"काका, हें खेळणें नव्हे. ही गाडी खऱ्या गाडीसारखीच वागते," पुतण्या म्हणाला.

"चित्रांतल्या आंब्यास रस असतो काय रे?" असें म्हणून आम्हीं वाद मिटविला, निदान मिटला असें समजलों.

पण मुलगा चिकाटीचा. त्याचें म्हणणें असें: मोटार केवढीही असो, ती भूमीस टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. धांवणें, थांबणें, वळणें, सारें त्या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून. वळतांना टायर किंचित् पिळला जातो. चाकाचें तोंड एकीकडे असतें आणि गति थोडी निराळ्या दिशेस. हा कोन वाढेल तशी पकड वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढें ती उतरूं लागते. हॉलंडमधील डेल्फ्टच्या विद्यापीठांतले प्राध्यापक हान्स पाचेयका ह्यांनीं सहकाऱ्यांसह ह्या चढउताराचें एक सूत्र बसविलें आणि १९८७ सालीं तें प्रसिद्ध झालें. तें कोणत्याही मूलतत्त्वांतून काढलेलें नाहीं. प्रत्यक्ष मोजमापांशीं जुळतें म्हणून घेतलेलें आहे, आणि म्हणूनच कीं काय, त्यास "जादूचें सूत्र" म्हणतात. अशा प्रकारचें गणित संगणक प्रत्येक चाकासाठीं सेकंदास शेंकडों वेळां करतो.

कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत एडविन लिंक नांवाच्या तरुणानें १९२९ सालीं वैमानिकांच्या शिक्षणासाठीं जमिनीवरचें लटकें विमान तयार केलें. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथलेच भाते लावून त्यानें तें विमान डोलविलें. आपल्या बाजाच्या पेटींतील भात्याचा हा थोरला भाऊ पुढें दुसऱ्या महायुद्धांत हजारों वैमानिकांचा गुरु झाला. हें ऐकल्यावर आमचा विरोध थोडा सैल पडला, आणि एका दुपारीं आम्ही त्या मेजापुढें बसलों.

पहिल्याच वळणावर आम्ही शेतांत गेलों. दुसऱ्या खेपेस भिंतीवर. पंचवीस वर्षें कल्याणपासून ठाण्यापर्यंत मोटार हांकलेल्या माणसाची ही गति! कारण मात्र लवकरच ध्यानांत आलें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथाच्या वेगाचें वर्णन करतो. सूक्ष्म दिसणारी वस्तु क्षणांत विशाल होते, वांकडी ती सरळ भासते. तें सर्व डोळ्यांचें काम आहे, आणि तेवढें पडदाही दाखवितो. पण खऱ्या मोटारींत वेग पाठीस कळतो, पोटास कळतो. ब्रेक दाबतांच देह पुढें झुकतो, वळणावर खांदा दाराकडे ढकलला जातो. येथें खुर्ची आपली स्तब्ध. पुतण्यानें हें उणें प्रांजळपणें कबूल केलें. "पण काका, हातांकडे लक्ष द्या," तो म्हणाला. स्टिअरिंगच्या आंत एक यंत्र आहे. तें वळणावर हातांस विरोध करतें, आणि पुढच्या चाकांची पकड सुटली कीं एकाएकीं हलकें पडतें. तो हलकेपणा हातास जाणवतांच आम्ही चपापलों. तो आम्हांस ओळखीचा होता.

आमच्या घरांत एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. २००४ च्या श्रावणांत ओझरच्या विघ्नहराचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां माळशेज घाटानें परत येत होतों. पाऊस, धुकें आणि उतार. एका वळणावर समोरून मालमोटार आली, आमची गाडी सरळ कठड्यावर गेली, आणि कुटुंबाचें डावें मनगट मोडलें. तें पुढें नीट वळलें नाहीं. आजही पोळ्या लाटतांना त्या थांबतात. ह्या गोष्टींतलें एक वाक्य ठरलेलें: "ही ओरडली, आणि आमचा हात चुकला." आम्हीं तें सोयऱ्याधायऱ्यांत, मुंजींत, लग्नांत शंभर वेळां सांगितलें असेल. लोक हंसत, त्याही हंसत.

पुतण्यानें ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्यानें पडद्यावर एक परदेशी घाटरस्ता काढला, त्यावर पाऊस पाडला, उतार घेतला, आणि गाडींतली ब्रेकच्या वेळीं चाकें अडकूं न देणारी योजना बंद केली. २०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींत ती सक्तीची आहे; आमच्या त्या जुन्या गाडींत ती नव्हती. "आतां त्या दिवशींसारखा ब्रेक मारा," तो म्हणाला.

आम्हीं वळणांत शिरून ब्रेक मारला. स्टिअरिंग हलकें झालें. आम्हीं तें पुरतें फिरविलें, तरी गाडी सरळ भिंतीवर गेली. सात वेळां केलें, सात वेळां तसेंच झालें. खोलींत कोणीही ओरडत नव्हतें.

"टायरजवळ पुंजी एकच असते," तो हलक्या आवाजांत सांगूं लागला. "सगळी थांबण्यांत खर्च केली, तर वळण्यास उरत नाहीं. चाक अडकलें कीं तोंड कोणीकडेही फिरवा, गाडी जात होती तिकडेच जाते. ब्रेक वळणाच्या आधीं, सरळ रस्त्यावर मारायचा, आणि सोडून मग वळायचें." आठव्या खेपेस आम्हीं तसें केलें. गाडी वळली.

त्या संध्याकाळीं कुटुंब अळूच्या देठी सोलीत बसल्या होत्या. आम्हीं जवळ जाऊन सांगितलें, "माळशेजला चूक आमची होती. तुझ्या ओरडण्यानें कांहीं झालें नाहीं."

त्या सोलीतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, गाडी आधीं घसरली, मग मी ओरडलें. मला तेव्हांच ठाऊक होतें. पण तुम्हीं इतक्या जणांना सांगितलेंत, कीं पुढें माझें मलाच खरें वाटेना. तेव्हांपासून गाडींत बसलें कीं मी तोंडाला पदर लावून बसतें."

एकवीस वर्षें आमच्या शेजारीं बसलेल्या माणसाचा तो पदर आम्हीं पाहिला होता. थंडी वाजत असेल, धूळ लागत असेल, असें समजत आलों होतों.

एवढें देणें त्या यंत्राचें आमच्यावर आहे. तरी त्याचें उणेंही सांगितलें पाहिजे. १९९७ सालीं जपानांत निघालेल्या "ग्रॅन टुरिस्मो" ह्या खेळांतील कौशल्यावर २०११ सालीं यान मार्डनबरो नांवाचा ब्रिटिश तरुण निवडला गेला, खऱ्या शर्यतींत उतरला, आणि २०१३ सालीं ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत तिसरा आला. हें यंत्राचें यशच होय. पण २०१५ सालीं जर्मनींतील न्यूर्बर्गरिंग येथें त्याचीच मोटार हवेंत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली, आणि एक प्रेक्षक प्राणास मुकला. मेजावर सातदां भिंतीवर गेलों तरी एक कळ दाबतांच सर्व पूर्ववत् होतें. ती कळ घाटांत नसते. शिवाय त्या गुळगुळीत रस्त्यांवर हातगाडी आडवी येत नाहीं, शाळा सुटत नाहीं, खड्डा चुकविणारा दुचाकीवाला अंगावर येत नाहीं.

पुतण्यास शिकाऊ परवाना मिळाल्यावर कायद्याप्रमाणें शेजारीं परवानेदार हवा, म्हणून आम्ही बसलों. वळणें तो आमच्याहून सुरेख घेई. पण रस्त्याकडेला थबकलेली म्हातारी आतां उतरणार, हें त्यास कळेना. तें आम्हांस कळे. नलोपाख्यानांत विदर्भाकडे धांवणाऱ्या एकाच रथांत ऋतुपर्ण नलास द्यूताचें मर्म देतो आणि नल त्यास अश्वांचें मर्म देऊं करतो. कल्याण-शीळ रस्त्यावर आमचा व्यवहार थोडाफार तसाच चालला.

मागल्या महिन्यांत आम्ही उभयतां मोटारीनें ठाण्यास गेलों. मुंब्र्याच्या वळणाशीं कुटुंब एकाएकीं मोठ्यानें म्हणाल्या, "अहो, हळू!" त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. आम्हीं वळणाच्या आधींच वेग कमी केला.