आढं वाकतं तेव्हा

मूलहून चामोर्शीकडे जाताना हरणघाटाच्या अलीकडे-पलीकडे जी गावं लागतात, त्यांतली जुनी घरं बघताना माझी नजर आधी आढ्यावर जाते. भिंतीला दरवर्षी माती-शेणाचा हात फिरतो, दिवाळीला निळा रंग चढतो, त्यामुळे भिंत आपलं वय लपवते. आढ्याला ते जमत नाही. दोन खांबांच्या मधोमध ती रेघ जराशी खाली आलेली दिसली की समजावं, गेले काही उन्हाळे या छतावर कोणी चढलेलं नाही.

छत एका पावसात वाकत नाही. उन्हाळ्यात माकडांची टोळी गावात शिरते, या घरावरून त्या घरावर उड्या मारते आणि काही कवेलू फुटतात, काही नुसते सरकतात. फुटलेला कवेलू दिसतो, सरकलेला दिसत नाही. मृग लागला की त्याच फटीतून पाणी आत येतं, वाशावरून घरंगळत जिथे दोन लाकडं एकमेकांवर टेकली आहेत तिथे थांबतं. सांध्यात वारा पोचत नाही, ओल दिवाळीपर्यंत टिकते, लाकूड मऊ पडतं. मग भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या बांधत उधई वर चढते. एवढं झालं तरी आढं मोडत नाही, फक्त दबतं. दबलं की तिथला उतार कमी होतो, पाणी रेंगाळतं, भिजलेल्या कवेलूंचं वजन वाढतं आणि आढं आणखी दबतं. पाणी मुरतं म्हणून वाकतं, वाकतं म्हणून मुरतं.

चाकांवरच्या घराचंही हेच. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून ताडोबाच्या वाटेवर कधीमधी असं एखादं फिरतं घर दिसतं. जुन्या बांधणीच्या अशा गाडीत वरच्या पत्र्याखाली बारीक लाकडी पट्ट्या आणि प्लायवूड असतं. छतावर एसी बसवलेला असतो, त्याच्या भोवतीचं सील उन्हानं तडकतं. तडकलेल्या सीलमधून पाणी प्लायवूडपर्यंत पोचतं, एसीच्या भारानं छताला खोलगट आकार येतो आणि पुढचा पाऊस त्या खोलगटात साचतो. अशा वेळी वरून आणखी एक थर सील फासायचा मोह होतो. त्यानं गळती काही दिवस थांबते, पण आत अडकलेली ओल बाहेर पडायची वाटही बंद होते. खरी दुरुस्ती करायची तर छत उघडावं लागतं, सडलेलं कापून काढावं लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातलं ऊन सील तडकवायलाही पुरेसं आहे आणि उघडलेलं छत सुकवायलाही.

कवेलूचं छत मुळातच उघडण्यासाठी केलेलं असतं, हा त्याचा मोठा गुण आहे. देशी कवेलू कुंभार चाकावर घडवतो. एका टोकाला किंचित निमुळती नळी ओढायची, ती ओली असतानाच मधोमध चिरायची आणि दोन अर्ध्या नळ्या भट्टीत भाजायच्या. एक ओळ उताणी, तिच्यावर एक ओळ पालथी. ना खिळा, ना सिमेंट. म्हणूनच ते माकडाच्या पायानं सरकतात आणि म्हणूनच माणसाच्या हातानं पुन्हा नीटही बसतात. मोहाची वेचणी आटोपते, तेंदूपत्त्याचा हंगाम उरकतो, आणि त्यानंतर मृगापर्यंत जे थोडे दिवस मिळतात ते कवेलू फेरण्याचे. एक जण वर, एक शिडीवर, खाली बायका कवेलू झटकून चांगले-फुटके वेगळे करतात. या फेरण्यात छताचं प्रत्येक लाकूड वर्षातून एकदा माणसाच्या डोळ्यांखालून जातं. बांबूची कमची काळी पडली आहे का, वाशाला बोट लावलं तर भुसा येतो का, हे तेव्हा कळतं. गळती थांबवण्याइतकंच या बघण्याचं मोल आहे असं मला वाटतं.

आणि तरीही आढं वाकलं, तर सुतारकाका. आमच्या गावच्या काकांना मी हे काम करताना शेजारी बसून पाहिलं आहे. वाकलेलं छत बघून कोणीही आधी खालून टेकू द्यायला धावतो. काकांनी घरातल्या पोराला थांबवलं.

"पयले वरचा वजन उतरव बावा. मंग टेकू दे. नाई तं टेकू मातीत घुसते अना आढा जिथंचा तिथंच राह्यते."

आढ्याच्या दोन्ही अंगांचे कवेलू उतरले. टेकूच्या बुडाशी जाड फळी आली. मग ट्रकचा जॅक. मला वाटलं होतं, आता तासाभरात आढं सरळ होईल. काकांनी हँडल थोडंसं फिरवलं, लाकडाला कान लावल्यासारखे थांबले, भिंतीवरची जुनी भेग बोटानं चाचपली आणि विडी पेटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थोडं. घरच्यांची घाई त्यांनी मनावर घेतली नाही. वर्षानुवर्षं वाकत आलेलं लाकूड एका दिवसात सरळ केलं तर ते दुसरीकडे फुटतं, आणि त्याच्याबरोबर सवयीनं वाकलेली मातीची भिंतही फुटते. शेवटी आढं पूर्ण सरळ झालंच नाही. थोडा बाक काकांनी तसाच राहू दिला, सडलेलं टोक कापून नवं लाकूड सांधलं, लोखंडी पट्टी मारली, जळकं ऑइल पाजलं. पाणी वाहून जाण्याइतका उतार परत मिळाला होता, आणि त्यांच्या मते काम तेवढंच होतं.

मूल-चामोर्शीच्या त्याच रस्त्यानं पुढे चामोर्शीजवळ, जिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथे मार्कंडाची देवळं आहेत. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम 1873-74 च्या मध्य प्रांतांतल्या दौऱ्यात इथे आले होते. मुख्य देवळावर वीज कोसळून शिखराचा माथा ढासळला, मंडपाच्या छताची हानी झाली आणि पुढे गोंड राजवटीत जाड चौकोनी खांब आणि कमानी उभारून ते छत सावरलं गेलं, असं सांगतात. जाणकार त्या खांबांना बोजड म्हणतात. नाजूक कोरीव कामाच्या मधोमध ते खटकतात, हे खरं आहे. पण मी तिथे उभा राहतो तेव्हा मला त्या अनाम गवंड्यांविषयी आदरच वाटतो. वरचे दगड उतरवून पुन्हा रचण्याची सोय त्यांच्यापाशी नसावी. जे होतं त्यातून त्यांनी देऊळ उभं ठेवलं आणि महाशिवरात्रीची जत्रा त्या छताखाली भरत राहिली. वरचं उतरवूनच दुरुस्ती करायची, हा मार्ग पुरातत्त्व खात्यानं अलीकडे धरला. शिखराचे दगड उतरले, पण काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. उघडलेलं छत वेळेत झाकणं हाही दुरुस्तीचाच भाग असतो.

सुतारकाकांना आढ्याच्या त्या कामासाठी जॅक मिळाला, पट्टी मिळाली. अडचण आली ती लाकडाची. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वनाखाली आहे, आणि इथे एका आढ्याचं लाकूड कायदेशीर वाटेनं मिळवणं जिकिरीचं आहे. जमीनदारीच्या काळात निस्तार म्हणून घरासाठी बल्ली, बांबू, जळण आणायची वहिवाट होती. जमीनदारी गेली, जंगल सरकारी झालं, आणि वहिवाटीची सवलत झाली. निस्ताराच्या डेपोवर जे येईल ते, जेव्हा येईल तेव्हा. बांबू मात्र बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे नेमानं जात राहिला. स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायलाही परवानगी लागते. माणसं मग आहे त्याच आढ्याखाली टेकूवर टेकू देत राहतात.

2006 च्या वनहक्क कायद्यानं यात खरा बदल केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये गावाला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने मिळाले. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. पण कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला, इमारती लाकूड धरलं नाही. म्हणजे छतावरच्या कमच्या गावाच्या झाल्या, त्या पेलणाऱ्या आढ्याचा प्रश्न बराचसा तसाच राहिला. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून साग अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाला, तेव्हा इथल्या लाकडाची कीर्ती ऐकून मलाही अभिमान वाटला. त्या सागाच्या शेजारी वाढलेला एखादा येन किंवा बिजा इथल्याच एका घराला सन्मानानं मिळावा, ही अपेक्षा त्या अभिमानाच्या आड येत नाही.

लाकूड मिळत नाही, कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले, माकडं मात्र वाढली. म्हणून लोक टिन टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. टिनाखाली मे महिन्यातली दुपार आणि जुलैतला पाऊस ज्यांनी काढला आहे, त्यांना त्याची किंमत माहीत आहे. घरकुलाचा स्लॅब आला की जुनं घर मागे गोठा म्हणून उरतं. आई सांगते, जेवण झाल्यावर दुपारी सगळे झोपायला त्या गोठ्याच्या सपरीतच जातात. स्लॅबही गळतो, आतली सळई गंजते, सिमेंटच्या खपल्या पडतात. पण तो उघडून बघता येत नाही, आणि त्याच्याखाली जॅक लावून विडी पेटवण्याइतका भरवसा असलेला कारागीर गावात नाही.

ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्या ग्रामसभा जंगलाच्या व्यवस्थापनाचे आराखडे करतात. त्यांत तेंदू, बांबू, पाणी, चराई यांचा हिशेब असतो. गावात कवेलूची किती घरं उरली आहेत, पुढच्या दहा वर्षांत त्यांतली किती आढी बदलावी लागतील आणि तेवढी झाडं आज जंगलात कुठे उभी आहेत, हाही हिशेब त्यात मांडून वनखात्याकडे मागणी करावी असं मला वाटतं. मोजणीला जाताना सुतारकाकांना सोबत न्यावं, आणि त्यांच्याबरोबर शाळा सोडलेली दोन-चार पोरं. कोणतं झाड आढ्याचं आणि कोणतं वाशाचं, हे काका उभ्या झाडाकडे बघून सांगतात.