एका ओळीत उरकलेला धडा

परवा नातीने विचारलं, "आबा, हिटलरला तुरुंगात टाकलं होतं ना? मग सोडलं कशाला?"

मंडळी, आयुष्यभर इतिहास शिकवला, पण हा भाग मी नेहमी एका ओळीत उरकला. उठाव फसला, तुरुंगात 'माइन काम्फ' लिहिलं, चला पुढे!

मग निवांत वाचत बसलो. नोव्हेंबर १९२३ च्या म्युनिकमधल्या त्या उठावात चार पोलीस मारले गेले. २६ फेब्रुवारी १९२४ ला खटला उभा राहिला. न्यायाधीश गेओर्ग नाइटहार्ट यांनी आरोपीला तासन् तास भाषणं करू दिली आणि वर्तमानपत्रांनी ती देशभर पोचवली. १ एप्रिलला निकाल लागला. राजद्रोहाबद्दल पाच वर्षं, म्हणजे कायद्यातली कमीत कमी शिक्षा. आधीच्या एका गुन्ह्यात तो सशर्त सुटलेला होता, त्यामुळे खरं तर सवलत मिळायलाच नको होती. शिवाय तो ऑस्ट्रियाचा नागरिक, म्हणजे हद्दपारीही व्हायला हवी होती. पण कोर्टाला त्याच्या हेतूत देशप्रेम दिसलं, तो मनाने जर्मनच वाटला. २० डिसेंबर १९२४ ला स्वारी लांड्सबेर्गच्या तुरुंगातून बाहेर! १९३३ च्या जानेवारीत चॅन्सेलर.

वाचता वाचता मला माझाच एक निकाल आठवला. शाळेत एका दांडग्या मुलाने लहान मुलाचा हात मोडला होता. शिक्षा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. हा लेझीम पथकाचा पुढारी. छाती काढून म्हणाला, "सर, तो शाळेला नावं ठेवत होता." खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. ताकीद देऊन सोडला. हात मोडलेला मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही. मी चौकशीही केली नाही.

नातीला एवढंच सांगितलं, "बाळा, न्यायाधीशांना आरोपीची भाषा आपलीशी वाटली."

ती क्षणभर थांबली. "आणि ते चार पोलीस?"

बघा, निकाल देताना विचारायचा प्रश्न पोरीला पटकन सुचला. मला तेव्हा सुचला नव्हता. त्या मुलाचं नाव आठवायचा दोन दिवस प्रयत्न करतोय. लेझीमवाल्याचं मात्र लख्ख आठवतं.